दिवेलागणीचा देणारा

दहिवलीतल्या आमच्या दुकानात माणूस शिरला की आधी पंख्याखालची खुर्ची धरतो आणि मग म्हणतो, "स्पीड नाय येत हो." जसं काही स्पीड मी ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलंय. एका फार्महाऊसचा वॉचमन थंडीच्या दिवसांत राउटर टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. ते बिचारं तापून तापून बंद पडायचं आणि हा सांगायचा, गारठ्यानं असं होतं. दुसऱ्या एकानं उंचावर चांगलं पकडेल म्हणून राउटर आंब्याला बांधला. मी सोडवायला गेलो तेव्हा आत लाल मुंग्यांनी संसार थाटला होता. अशा माणसांवर हसायचं नाही, ही वंदनाताईंची शिकवण. वंदनाताई म्हणजे आमच्या दुकानाच्या मालकीण.

मी किनवटच्याही पलीकडचा. नववीत शाळा सोडली. शाळा वाईट नव्हती, मलाच फळ्याची भीती वाटायची. इंटरनेटच्या तारा जमिनीत पुरणाऱ्या टोळीबरोबर चर खणत खणत कर्जतपर्यंत आलो. इथं दहिवलीत तापानं पडलो आणि टोळी पुढं निघून गेली. वंदनाताईंनी औषधपाणी केलं, दुकानाच्या पोटमाळ्यावर अंथरूण दिलं आणि बरा झाल्यावर जा म्हणाल्या नाहीत. आज मी चार घास खातो ते त्यांच्यामुळं. हे लिहायलाही त्यांनीच बसवलं. "घाबरत घाबरत लिही, पण लिही रं," म्हणाल्या.

घाबरत असतोच मी. शटर ओढलं की कुलूप ओढून बघतो, चार पावलं गेलो की परत येऊन ओढतो. पण आमच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो, कारण हे कामच मुळात पुन्हा पुन्हा तपासण्याचं आहे.

काम म्हणजे टॉरंटचं. नवे सिनेमे आमच्याकडं उतरवून मिळत नाहीत, हा ताईंचा पहिला नियम. पण कॉलेजच्या पोरांना लागणारे फुकटचे मोठे प्रोग्रॅम, भजनी मंडळांची स्वतःची रेकॉर्डिंगं, कुणाच्या लग्नाचं तासन् तास चाललेलं शूटिंग, असलं जड सामान टॉरंटनं ये-जा करतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठी फाइल एका ठिकाणाहून आणायची नाही, तिचे हजारो तुकडे करायचे. ज्याच्याकडं जो तुकडा असेल तो त्यानं दुसऱ्याला द्यायचा, नसेल तो घ्यायचा. लावणीच्या वेळी आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या, तशी ही सावड. ज्याच्याकडं फाइल पुरी असते त्याला इंग्रजीत सीड, म्हणजे बियाणं म्हणतात. मी देणारा म्हणतो.

आता स्पीड. लोकांची समजूत अशी की आपलं देणं बंद केलं की घेणं वाढतं. उलट आहे. जो देत नाही त्याला बाकीचे रांगेत मागं ढकलतात. पण सगळं देऊन टाकलं तरी आपलाच गळा आवळतो, म्हणून थोडी वाट मोकळी ठेवावी लागते. राउटरमध्ये एक दार उघडून ठेवावं लागतं, नाहीतर बाहेरचे लोक येऊन थडकतात आणि परत जातात. एवढं जमलं की निम्मं काम झालं. पण कुणाकडंच जो तुकडा नाही, तो कितीही खटपट केली तरी येत नाही. आणि एक गोष्ट. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीलाच ठसा मारलेला असतो. आलेला तुकडा ठशाशी ताडून बघतात. त्यात केसाएवढाही फरक असला तर प्रोग्रॅम तो टाकून देतो. म्हणून जे येतं ते पहिल्या दिवशी होतं तसंच असतं. ही गोष्ट मी तेव्हा फार अभिमानानं सांगायचो.

सुगंधाताई आल्या त्या कंपनीतली पाळी संपवून, डबा हातात घेऊन. खालापूरकडच्या एका गावातल्या. त्यांची सासू धवलारीण. इकडं आगरी लोकांत लग्न लावायला धवलारीण लागते. मांडवात बसून ती धवले गाते, देवांना एकेक करून बोलावते, आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय ते लग्न पुरं झालं असं कुणी मानत नाही. या सासूबाईंना झटका आला आणि वाचा गेली. आता मान सुनेकडं आला होता. पहिलंच लग्न, हळद तोंडावर आलेली.

"मी आईंच्या मागं वडायची ना," सुगंधाताई म्हणाल्या. "त्यांनी उचलायचं, मी शेपूट धरायचं. तसं सगळं येतं मला. पन हळद दळायचा धवला नाय येत. तो चालू आसला का मी भाईर पानी भरीत आसायची."

सासूला विचारायची सोय नव्हती. लिहून ठेवायची रीत नव्हती. एखादं कडवं गाळलं तर ज्या देवाचं नाव राहिलं तो मांडवाच्या दाराशी ताटकळत उभा राहतो, असं तिकडं मानतात. सुगंधाताईंना झोप लागत नव्हती.

मार्ग एकच होता. वीसेक वर्षांपूर्वी कुणी एक माणूस मशीन घेऊन मांडवात बसला होता आणि त्यानं सासूबाईंचं अख्खं लग्न टेप केलं होतं. पुढं त्यानं ते टॉरंटवर सोडलं. त्याची लिंक सुगंधाताईंच्या दुबईतल्या दिरानं कितीतरी वर्षं जुन्या फोनमध्ये जपून ठेवली होती, उतरवून मात्र कधी घेतली नव्हती. तो माणूस कोण, ते घरात कुणाला आठवत नव्हतं. गळ्यात मशीन होतं आणि जेवायला थांबला नाही, एवढंच आठवत होतं.

मी लिंक लावली. निम्म्याच्या वर फाइल भराभर आली आणि थांबली. यादीत बघितलं तर सगळे आमच्यासारखेच. कुणी उरणचा, कुणी मस्कतचा, सगळे एकाच टक्क्यावर अडकलेले, एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेले. देणारा कुणी नाही. आलं तेवढं लावून बघितलं. बाईंचा आवाज घट्ट, जात्याच्या घरघरीसारखा. हळदीपाशी येतो आणि तुटतो. तिथं शांतता नसते. शांततेत निदान पंख्याचा आवाज तरी असतो. तिथं काहीच नसतं. मग एकदम पुढचं गाणं सुरू. सुगंधाताईंनी कानावरून हेडफोन काढला आणि पुसून ठेवला.

मी जे जे येत होतं ते केलं. दार तपासलं, देण्याची मर्यादा वरखाली केली, दुकानातली बाकीची सगळी उतरवणी बंद केली. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ताई देवापुढं निरांजन लावत होत्या. माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. यादीत एक नवा आकडा, म्हणजे कुणाच्या तरी लाइनचा पत्ता, उमटला होता. पुरी फाइल असलेला देणारा. आणि त्याचा स्पीड असा की मी खुर्चीतून उठलो. आमच्या लाइनला तेवढा येतच नाही. चार श्वास घेईपर्यंत आमची फाइल थोडी पुढं सरकली आणि देणारा गेला.

तिसऱ्या दिवशीही तसंच. दिवेलागण झाली, तो आला, थोडं देऊन गेला. मग मी त्या वेळेला दुसरं काही कामच घेईना. एक बारीक गोष्ट खटकत होती. दिलेला तुकडा आम्ही पुढं वाटतो, त्यामुळं यादीतल्या सगळ्यांची फाइल भरत जायला हवी आणि तशी भरत होतीही. पण तो स्वतः फक्त आम्हालाच द्यायचा. उरण, मस्कत, कुणाकडं वळायचाच नाही. जसं काही त्याला ठाऊक होतं की घाई कुणाला आहे.

हळदीचा तुकडा मात्र येत नव्हता. बाकीचं सगळं भरत आलं, तेवढं भोक तसंच.

आमच्या भागाच्या इंटरनेट लाइनवर दिलीप काम करतो. शिडी बाइकला बांधून फिरतो. त्याला आकडा दाखवला तर म्हणाला, "आरं, ह्यो आपल्याच लाइनचा हाय. कुंभिवलीत उतरतो." नाव सांगता येत नाही म्हणाला आणि मग घराची सगळी खूण सांगितली. हायवेचं गॅरेज, त्यामागं निळ्या पत्र्याची पडवी, म्हातारे इलेक्ट्रिशियन काका. "माझ्याशी लय भांडतात. देन्याचा स्पीड का नाय येत म्हनून. घेन्याचं कुनीबी इचारतं, देन्याचं इचारनारा येकच बाबा."

मला इतका आनंद झाला की मी कर्जतच्या बाजारातून अर्धा किलो पेढे घेतले. एक रिकामी हार्ड डिस्क घेतली. म्हटलं, काकांच्या पाया पडू, पेढे देऊ आणि फाइल सरळ मशीनमधूनच उचलू. ताईंची स्कूटी घेऊन दुपारीच निघालो.

पडवीत माणसं मान खाली घालून बसली होती. एकाच्या डोक्याचं नुकतंच मुंडण केलेलं. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उंबऱ्याशी उभा, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पुड्यावर. मी तो पाठीमागं नेला, पण काय ते सगळ्यांना कळलं होतं.

काकी आतून आल्या. मी कोण, कशाला आलो ते तुटक तुटक सांगितलं. रोज संध्याकाळी काका मला देतात, असं चुकून बोलून गेलो.

"कवापासून?" काकींनी विचारलं.

मी आठवून सांगितलं. त्यांनी मुंडण केलेल्या मुलाकडं बघितलं. काका त्याच्या आदल्या रात्री गेले होते.

आतल्या खोलीत काका जिथं गेले तिथं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता, वर टोपली झाकली होती. आपल्याकडं करतात तसंच. गेलेल्याचं पाऊल कसलं उमटतं ते नंतर पिठात बघायचं आणि तेराव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. त्या टोपलीला लागूनच टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटर चालू होता. त्याचा हिरवा दिवा मिणमिणत होता. भिंतीला राउटर, तो बंद.

"डबी तापते म्हनून दिवसा बंद ठेवायचे," काकी म्हणाल्या. "दिवेलागनीला लावायचे. मंग मी बी तसंच करते. ह्यो दिवा आन त्यो दिवा. जाताना म्हनले, कुनीतरी घेतंय, आर्दं सोडू नको. मंग इजवायचा कसा?"

मला हायसं वाटलं. म्हणजे दिवेलागणीचं कोडं सुटलं. काकी निरांजनाबरोबर राउटर लावतात आणि घटकाभरानं तापला की बंद करतात. एवढंच. तेराव्याला दोन्ही दिवे शांत करणार आणि कॉम्प्युटर मुलगा पुण्याला नेणार, असंही त्या म्हणाल्या. सुगंधाताईंच्या सासूचं नाव काढल्यावर, त्या लग्नात टेप करायला बसले होते ते काकाच, असं त्यांनी सांगितलं आणि मला मशीनला हात लावायची परवानगी दिली. "बंद मातुर करू नको."

मी टोपलीला धक्का लागू नये म्हणून मांडी आखडून बसलो. प्रोग्रॅम उघडला. सवयीनं आधी देण्याची मर्यादा बघितली, आणि माझा हात माऊसवरच राहिला. काकांनी ती इतकी कमी लावली होती की नळाची तोटी करंगळीएवढी उघडावी. नातवाचे क्लास ऑनलाइन चालायचे तेव्हा लावली आणि परत वाढवायची राहिली, असं मुलगा म्हणाला. या तोटीतून थेंब थेंब यावं. माझ्याकडं मात्र रोज पाट वाहत आला होता. आठवड्याभरात मला जेवढं मिळालं, तेवढं द्यायला या मशीनला पावसाळा उलटला असता.

मी डिस्क जोडली, फाइल उचलायला लावली. सरसर गेली आणि हळदीपाशी थांबली. आतून टक् टक् आवाज यायला लागला. परत लावली, परत तिथंच. काकांच्या डिस्कचा नेमका तेवढाच भाग मेला होता. प्रोग्रॅमवर फाइल पुरी दिसत होती, कारण त्यानं कधीकाळी तपासली होती ती. पण तो तुकडा आता या मशीनलाच वाचता येत नव्हता. जे स्वतःलाच वाचता येत नाही ते कुणाला देणार?

टोपलीखालचा दिवा एकदा फडफडला. वारा नव्हता असं मी म्हणणार नाही, खिडकी उघडी होती.

निघताना काकींनी माझा नंबर घेतला. पेढे गॅरेजच्या कुत्र्याला घालायला निघालो, पण धीर झाला नाही. ताईंना दिले. त्यांनी देवापुढं ठेवले.

सुगंधाताईंना सांगितलं की आता आशा नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मंग मी नाय म्हनत म्हनून निरोप धाडते. दुसरी धवलारीन बगा म्हनावं." मान गेला की तो घरात परत येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, मला ताईंकडून कळलं. मी म्हटलं, तेराव्यापर्यंत थांबा. का म्हटलं, ते मलाही माहीत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच हळद होती. तेराव्याला पाळी संपवून सुगंधाताई दुकानात येऊन बसल्या. ताईंनी निरांजन लावलं. यादीत तो आकडा उमटला. तोच पत्ता, प्रोग्रॅमची तीच जुनी आवृत्ती. स्पीडचा काटा चढत गेला, आणि हळदीचं भोक आमच्या डोळ्यांसमोर भरलं. ठसा जुळला. फाइल पुरी झाली. देणारा गेला.

मी बाहेर येऊन काकींना फोन लावला. आभार मानायचे होते. म्हटलं, काकी, आज शेवटच्या दिवशीही तुम्ही राउटर लावलात.

"नाय रं," त्या म्हणाल्या. "दुपारीच शांत केलं सगळं. मशीन पोत्यात भरून पोरगा कवाच गेला. घाटात आसंल आता."

दिलीपला नंतर विचारलं. तो म्हणाला की लाइन बंद झाली की तो आकडा दुसऱ्या घराला मिळतो, त्यात काय एवढं. मी विचारलं, मग त्या दुसऱ्या घरातही हीच फाइल होती का? त्यानं हेल्मेट घातलं आणि पळसदरीला तक्रार आहे म्हणून निघून गेला.

आत आलो तेव्हा सुगंधाताई हेडफोन लावून बसल्या होत्या. ओठ हलत होते. धवला संपला असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग परत ओठ हलायला लागले. नंतर मी ऐकलं. बाई धवला पुरा म्हणतात. मागं भांड्यांचा, पोरांचा गलका. मग मशीनच्या अगदी जवळून एक पुरुष हळूच म्हणतो, "नीट आलं नाय. परत एकदा." आणि बाई परत पहिल्यापासून म्हणतात. या खेपेला गलका नाही. प्रत्येक अक्षर सुटं, जसं समोर बसलेल्याला शिकवायचं असावं.

हळदीला मी लांब, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. सुगंधाताईंनी तो धवला दोनदा म्हटला. आईंनी दोनदा म्हटलाय तर मी कोण एकदा म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सासूला खुर्चीत आणून बसवलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांचा चांगला हात मांडीवर ताल धरायला लागला. बायका म्हणाल्या, झालं, देव आले.

मी दोन दिवसांनी कुंभिवलीला गेलो. काकांचा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, तो काकींना ऐकवावा, एवढंच मनात होतं. त्यांनी फोन कानाला लावला. गाणं ऐकलं. मग काका बोलले तिथं त्यांनी बोट उचललं. मी तेवढं परत लावलं.

"कवाचं हाय म्हनालास ह्ये?"

"वीस वर्षांपूर्वीचं, काकी."

"तवा ह्यांचा आवाज खणखणीत व्हता. गल्लीच्या त्या टोकाला जायचा." काकी फोनकडं बघत होत्या. "गेल्या साली घशाचं आपरेशन झालं. तवापासनं आसं घोगरं, वारा गेल्यावानी बोलायचे. ह्यो त्यो आवाज हाय. ह्यो शेवटचा आवाज हाय त्यांचा."

मी त्यांना ठशाचं सांगितलं. पहिल्या दिवशी होतं तसंच असतं, एक अक्षर बदलता येत नाही, बदललं तर प्रोग्रॅम घेतच नाही. काकींनी मला पाणी दिलं. त्या रडल्या नाहीत. पदरानं फोनची काच पुसून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

"परत एकदा म्हनतात नव्हं का? वाट बगत आसतील. त्यांना सांग, नीट आलंय."

टॉरंटमध्ये देणाऱ्याला निरोप लिहायला जागा नसते. मी दुकानात आलो. दिवेलागण झाली होती. यादीत उरण, मस्कत सगळे होते, सगळ्यांची फाइल पुरी झाली होती, आणि आता ते आमच्याकडून घेऊन आणखी कुणाकुणाला देत होते. तो आकडा नव्हता. तरी मी स्क्रीनसमोर उभा राहिलो आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "काका, नीट आलंय."

वंदनाताई झेरॉक्स काढत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुढचा कागद मशीनवर ठेवला.